कोलारची खाण आणि न्यूट्रिनो

बंगळूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स हे खाणींचे गाव आहे. आसपासचे लोक त्याला केजीएफ म्हणूनच ओळखतात. १९५१ पासून चाळीस वर्षे या गावाच्या पोटात, सोन्याच्या खाणीतल्या बोगद्यांत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रयोग चालू होते. पृथ्वीच्या वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद जगात सर्वप्रथम प्रसिद्ध झाली ती येथील प्रयोगातून. प्रोटॉन कायमचा टिकतो की कधीतरी फुटतो, हे तपासण्यासाठी मुद्दाम बांधलेले पहिले मोठे उपकरणही येथेच उभे राहिले. भारतीय भौतिकीचा इतिहास सांगताना रामन, बोस आणि साहा यांची नावे आपसूक येतात, कोलारचे येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या प्रायोगिक भौतिकीत मात्र या कामाच्या तोडीचे फार थोडे सापडेल.

कोलारच्या परिसरात सोने काढण्याची परंपरा जुनी आहे. आधुनिक खाणकामाला सुरुवात झाली ती १८७५ नंतर, मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने म्हैसूर संस्थानाकडून परवाना मिळवल्यावर. एकट्याच्या बळावर ते काम झेपणारे नव्हते. १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी आली आणि चॅम्पियन रीफ, म्हैसूर, उरगाव, नंदीदुर्ग या खाणी भराभर खोल जाऊ लागल्या. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रम येथील जलविद्युत केंद्रातून येथवर वीज आली. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागण्यापूर्वी कोलारच्या खाणीत विजेची यंत्रे फिरत होती. सोन्याची शीर खडकात तिरपी उतरत गेली, तसतशी माणसेही तिच्या मागोमाग उतरली आणि चॅम्पियन रीफची खाण अखेरीस तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. त्या काळी जगात इतक्या खोल खाणी दक्षिण आफ्रिका सोडल्यास क्वचितच होत्या.

एवढ्या खोलीवर खडक आपोआप तापलेला असतो. वरून थंड केलेली हवा सोडल्याशिवाय माणूस तेथे काम करू शकत नाही. प्रचंड दाबाखालचा खडक अचानक फुटून बोगदा कोसळणे हा कोलारचा कायमचा धोका होता आणि त्यात अनेक कामगारांनी जीव गमावले. कामगार बहुतेक तमिळ आणि तेलुगू भाषक होते. त्यांच्या पिढ्यान्पिढ्या खाणीत खपल्या आणि येथील मातीतून एकंदर आठशे टनांच्या आसपास सोने निघाले. पुढे भौतिकशास्त्रज्ञांना जे भांडवल मिळाले, ते या लोकांच्या श्रमांतून आयते तयार झालेले होते. एवढ्या खोलीचा शाफ्ट केवळ विज्ञानासाठी खोदण्याचा खर्च नव्याने स्वतंत्र झालेला देश करूच शकला नसता.

भौतिकशास्त्राला जमिनीखाली जाण्याची गरज विश्वकिरणांमुळे पडली. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस याने बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली, तेव्हा त्याच्या उपकरणांना वर जाताना किरणोत्सर्ग वाढत चाललेला दिसला. याचा अर्थ हा मारा जमिनीतून नव्हे, तर अवकाशातून होत होता. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. या किरणांचा एक भाग शिशाच्या थोड्याशा थरात अडतो आणि दुसरा भाग मीटरच्या मीटर शिसे भेदून पलीकडे जातो. पहिल्या भागाचा उलगडा होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये केला. उच्च ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की त्यातून फोटॉन, त्या फोटॉनांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या, पुन्हा त्यांतून फोटॉन अशी वर्षावाची साखळी तयार होते आणि ऊर्जा लवकरच वाटली जाऊन संपते. क्वांटम सिद्धांत आणि सापेक्षता यांच्या जोडणीतून आलेले हे गणित प्रयोगांशी नेमके जुळले. त्यातूनच असेही निष्पन्न झाले की भेदक भागातले कण इलेक्ट्रॉन असू शकत नाहीत, ते इलेक्ट्रॉनहून जड असले पाहिजेत. आज ज्याला म्यूऑन म्हणतात तो हाच कण. त्याचा शोध त्याच सुमारास अमेरिकेत अँडरसन आणि नेडरमायर यांना लागला.

भाभा १९३९ मध्ये सुट्टीसाठी भारतात आले होते. युद्ध सुरू झाल्याने ते केंब्रिजला परतले नाहीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वकिरणांचा विभाग चालवू लागले. त्यांच्याच पुढाकाराने १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरलाच सुरू झाली आणि वर्ष संपण्याच्या आत मुंबईला पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. पुढे तिचा मुक्काम गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होता आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठच्या वास्तूचे उद्घाटन झाले. कणांना वेग देणारे मोठे त्वरक बांधण्याची ऐपत संस्थेपाशी नव्हती. विश्वकिरण मात्र सगळ्यांना सारखेच मिळतात आणि त्यांची ऊर्जा तेव्हाच्या कोणत्याही त्वरकाहून जास्त असते. भाभांनी या जोरावर दोन्ही दिशांनी काम सुरू केले. एक गट उपकरणे बलूनला बांधून वर पाठवी, दुसरा ती घेऊन खाली उतरे.

खाली जाण्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. म्यूऑन खडकातून जाताना वाटेत ऊर्जा गमावत जातो. किती खोलीवर किती म्यूऑन उरले हे मोजले की जमिनीवर ते किती ऊर्जा घेऊन आले होते हे काढता येते. किलोमीटरभर खडक पार करायला म्यूऑनपाशी कित्येक शेकडो अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे खाण हेच ऊर्जा मोजण्याचे उपकरण होते आणि त्याचे आकडे फुटांत वाचायचे होते. कोलारच्या खडकाचा एक विशेष फायदा होता. तो पाण्याच्या सुमारे तिप्पट घन आहे, आणि वरची जमीन बरीचशी सपाट असल्याने प्रत्येक दिशेला किती खडक लागतो याचा हिशोब नीट करता येतो. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात हे इतके सोपे जात नाही.

भाभांनी या कामासाठी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण विद्यार्थ्याला १९५१ मध्ये कोलारला धाडले. सोबत गायगर काउंटर आणि संस्थेतच जुळवलेली विद्युत यंत्रणा होती. पहिली मापने काहीशे मीटर खोलीपर्यंत झाली. नंतर एस. नारणन आणि पी. व्ही. रमणमूर्ती यांनी ती आणखी खाली नेली. खाणीच्या पिंजऱ्यातून नाजूक उपकरणे उतरवायची, दमट आणि उष्ण हवेत ती चालू ठेवायची, सुरुंग उडण्याच्या वेळा सांभाळायच्या, हे सारे खाणीच्या अधिकाऱ्यांच्या आणि कामगारांच्या मदतीशिवाय अशक्य होते. १९५६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही ही मदत तशीच चालू राहिली. कोणत्याही शोधनिबंधाच्या शेवटी येणारे आभाराचे वाक्य सहसा औपचारिक असते, कोलारच्या निबंधांत ते शब्दशः खरे होते.

निर्णायक काम झाले १९६० नंतर. जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठातले साबुरो मियाके टाटा संस्थेत आले आणि त्यांनी व्ही. एस. नरसिंहम आणि रमणमूर्ती यांच्यासह मोठ्या क्षेत्रफळाचे सिंटिलेटर घेऊन टप्प्याटप्प्याने खाली जात मोजमाप केले. जमिनीवर तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जातो. जसजसे खाली जावे तसतसा हा आकडा झपाट्याने उतरत होता. सर्वांत खालच्या ठिकाणी, म्हणजे सुमारे ८४०० मीटर पाण्याइतक्या जाडीच्या आवरणाखाली, उपकरण दोन महिने चालू ठेवूनही एकसुद्धा म्यूऑन नोंदला गेला नाही.

कोलारच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे मापन कोणते, असे विचारले तर हेच शून्य पुढे ठेवावे लागेल. म्यूऑन मोजणाऱ्यांच्या दृष्टीने तेथे काम संपत होते. पण जेथे वरून येणारे म्यूऑन जवळपास पोहोचतच नाहीत, तेथे जर एखादा म्यूऑन दिसला तर तो दुसऱ्याच कशातून तरी आलेला असणार, आणि तो ‘दुसरा’ ओळखण्याची सोय या शून्याने करून दिली होती.

तो न्यूट्रिनो होता. अणुगर्भाच्या बीटा क्षयात थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसते याचा खुलासा करताना वोल्फगांग पाउली याने डिसेंबर १९३० मध्ये एका पत्रात विद्युतभाररहित, जवळजवळ वस्तुमानहीन अशा कणाची कल्पना मांडली. एन्रिको फर्मीने तिला पुढच्या तीन-चार वर्षांत सिद्धांताचे रूप दिले. पदार्थाशी या कणाचा संबंध इतका क्षीण असतो की पृथ्वीतून तो सहज आरपार जातो. फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ तो प्रथम पकडला. १९६२ मध्ये ब्रुकहेवनच्या त्वरकावर लेडरमन, श्वार्ट्झ आणि स्टाइनबर्गर यांनी दाखवले की म्यूऑनच्या जोडीचा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनच्या जोडीच्या न्यूट्रिनोपेक्षा वेगळा आहे.

हे दोन्ही न्यूट्रिनो मानवनिर्मित यंत्रांतले होते. निसर्गातही ते सतत निर्माण होत असणार, हे सिद्धांतावरून स्पष्ट होते. अवकाशातून आलेला प्रोटॉन हवेतल्या अणुगर्भावर आदळला की पायॉन तयार होतात, पायॉन क्षय पावून म्यूऑन आणि न्यूट्रिनो देतात आणि म्यूऑनही पुढे क्षय पावून आणखी न्यूट्रिनो देतो. १९६० मध्ये सोव्हिएत रशियातले मार्कोव्ह आणि अमेरिकेतले ग्रायझेन यांनी सुचवले की असे न्यूट्रिनो जमिनीखाली खोलवर शोधावेत. खडकातल्या एखाद्या अणुगर्भाशी क्वचित एखाद्या न्यूट्रिनोची आंतरक्रिया झाली तर त्यातून म्यूऑन बाहेर पडेल आणि तो उपकरणात उमटेल. त्या काळच्या त्वरकांतले न्यूट्रिनो काही अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचेच होते. त्यापुढे या आंतरक्रियांचे प्रमाण कसे वाढते, क्षीण आंतरक्रिया वाहून नेणारा डब्ल्यू बोसॉन हलका आहे की जड, हे प्रश्न विश्वकिरणांच्याच आधारे विचारता येत होते.

कोलारचे शून्य हाताशी होते, म्हणून टाटा संस्थेतले एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, मियाके आणि त्यांचे सहकारी लगेच कामाला लागले. इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातला अर्नोल्ड वुल्फेंडेल यांचा गट येऊन मिळाला. वुल्फेंडेल पुढे ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले. टाटा संस्था, ओसाका आणि डरहॅम यांच्या या संयुक्त प्रयोगासाठी चॅम्पियन रीफ खाणीच्या हीथकोट शाफ्टमधली सुमारे २३०० मीटर खोलीची जागा ठरली. सर्वांत खोल जागा यापेक्षा खाली होती, परंतु मोठी उपकरणे बसवण्यासाठी हेच ठिकाण सोयीचे होते आणि येथेही डोक्यावर सुमारे ७००० मीटर पाण्याइतका खडक होता.

उपकरणाची रचना या प्रयोगाचा खरा गाभा आहे. एकमेकांसमोर उभ्या दोन भिंती, दोन्ही प्लास्टिक सिंटिलेटरच्या. विद्युतभारित कण त्यातून गेला की प्लास्टिकमध्ये अतिशय अंधूक चमक उठते आणि फोटोमल्टिप्लायर नळ्या ती टिपतात. खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गानेही अशा चमका सतत उठत राहतात, म्हणून समोरासमोरच्या भिंतींत एकाच क्षणी संदेश आला तरच नोंद घ्यायची, अशी योजना होती. दोन भिंतींच्या मध्ये डरहॅमच्या गटाने बनवलेल्या निऑन वायूच्या काचनळ्यांचे थर लावलेले होते. भिंतींकडून इशारा मिळताच या नळ्यांना उच्च दाबाचा विद्युत झटका मिळे. कण ज्या नळ्यांमधून नुकताच गेला असेल तेवढ्याच नळ्या लालसर उजळत आणि उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यात ठिपक्यांची एक रेघ उमटे. बोगद्यातला काळोख येथे उपयोगी पडत होता, कारण कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवूनही फिल्म खराब होत नसे.

भिंती उभ्या ठेवण्यामागेही कारण होते. वातावरणातून आलेला म्यूऑन एवढ्या खोलीवर पोहोचलाच तर तो जवळजवळ सरळ वरून येतो, कारण तिरप्या वाटेने त्याला कितीतरी जास्त खडक ओलांडावा लागतो. न्यूट्रिनोला वाटेतला खडक जाणवतच नाही, म्हणून त्याच्यापासून जन्मलेला म्यूऑन आडव्या दिशेनेही येऊ शकतो. फोटोत रेघ आडवी असेल तर तिचा उगम न्यूट्रिनोत आहे, असे खात्रीने म्हणता येत होते.

अशा आडव्या रेघा १९६५ मध्ये मिळाल्या. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर, राइन्स आणि सेलशॉप यांचा गट हाच शोध घेत होता. आफ्रिकेतली पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ ची आहे. कोलारचा निबंध ‘फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकाकडे १२ जुलै रोजी पोहोचला आणि १५ ऑगस्टच्या अंकात छापून आला. राइन्स यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्याच महिन्याच्या अखेरीस आला. घटना आधी आफ्रिकेत दिसली, प्रसिद्धी आधी कोलारच्या निष्कर्षांना मिळाली. श्रेयाची विभागणी याहून बारकाईने करण्यात हशील नाही. पृथ्वीच्या दोन टोकांना, सोन्यासाठी खणलेल्या दोन खाणींत, दोन वेगळ्या रचनांच्या उपकरणांनी एकच गोष्ट दाखवली, म्हणून तिच्याबद्दल शंका उरली नाही. कोलारच्या निबंधावर आचार, मेनन, नरसिंहम, रमणमूर्ती, श्रीकांतन, हिनोतानी, मियाके, क्रीड, ऑस्बोर्न, पॅटिसन आणि वुल्फेंडेल अशी नावे आहेत. भाभांनी हे यश पाहिले. जानेवारी १९६६ मध्ये मों ब्लांवरच्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि संस्थेची सूत्रे मेनन यांच्याकडे आली.

पुढे उपकरणांची संख्या वाढवण्यात आली, पण न्यूट्रिनोंच्या घटना वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळत. १९७५ मध्ये एम. आर. कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी वेगळ्याच स्वरूपाच्या काही घटना जाहीर केल्या. त्यांत एकाच बिंदूतून निघून फाकलेल्या दोन-तीन रेघा होत्या आणि तो बिंदू खडकात नव्हे, तर उपकरण आणि खडक यांच्यामधल्या हवेत पडत होता. अल्पायुषी असा एखादा नवा जड कण तेथे फुटला असावा, असा अंदाज बांधला गेला. जगभरच्या सिद्धांतकारांनी या ‘कोलार घटनां’वर लेख लिहिले, सर्न आणि फर्मीलॅबमध्ये शोध झाला, तो कण कोठेही आढळला नाही. २०१४ मध्ये चेन्नईचे एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी या घटनांचा संबंध कृष्णद्रव्याच्या क्षयाशी असू शकेल का, असा प्रश्न पुन्हा मांडला. मूठभर फोटोंवरून याचा निवाडा होणार नाही, पण ते दडपून न टाकता जसे दिसले तसे छापले गेले, हे योग्यच झाले.

सत्तरच्या दशकात सिद्धांताची दिशा बदलली. जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी, तसेच १९७४ मध्ये जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी, निसर्गातल्या तीन बलांना एका सूत्रात बांधणारे सिद्धांत मांडले. त्यांतून निघणारा एक निष्कर्ष विलक्षण होता: प्रोटॉन चिरंजीव नाही. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असेल, तर आज तारे आणि आकाशगंगा द्रव्याच्याच का आहेत, या प्रश्नाच्या उत्तरातही असा क्षय लागतो. सखारोव्ह यांनी १९६७ मध्येच तसे दाखवून दिले होते. प्रोटॉनचे सरासरी आयुष्य १० च्या ३१ व्या घाताइतकी वर्षे असावे, असा त्या काळचा अंदाज होता. एका प्रोटॉनकडे पाहत बसणे निरर्थक. परंतु १४० टन लोखंडात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून १० च्या ३१ व्या घाताच्या आठपट कण असतात, म्हणजे अंदाज खरा असेल तर वर्षात सात-आठ क्षय दिसायला हवेत.

कोलारमध्ये १९८० च्या अखेरीस अगदी असेच उपकरण चालू झाले. २३०० मीटर खोलीवर, १४० टनांचे, लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये वायू भरलेल्या चौकोनी पोलादी नळ्यांचे आडवे-उभे थर. टाटा संस्था आणि ओसाका यांचा हा प्रयोग या हेतूसाठी बांधलेल्या मोठ्या उपकरणांत पहिला होता आणि डोक्यावर असलेल्या खडकाच्या जाडीत त्याची बरोबरी कोणी करू शकत नव्हते. पहिल्या एक-दोन वर्षांतच काही घटना संपूर्णपणे उपकरणाच्या आत घडलेल्या दिसल्या आणि गटाने त्या प्रोटॉन क्षयाच्या संभाव्य खुणा म्हणून जाहीर केल्या. जगाचे लक्ष पुन्हा कोलारकडे वळले.

या दाव्याला दुजोरा मिळाला नाही. अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत १९८२ मध्ये हजारो टन शुद्ध पाण्याची टाकी भरून आयएमबी हा प्रयोग सुरू झाला, १९८३ मध्ये जपानात कामिओकांडे आला. एवढ्या मोठ्या वस्तुमानात जेवढे क्षय दिसायला हवे होते त्यांतला एकही दिसला नाही आणि जॉर्जाय-ग्लॅशो यांचा सर्वांत सोपा सिद्धांत बाद झाला. कोलारमधल्या त्या घटना न्यूट्रिनोंच्याच असाव्यात, असे आज बहुतेकांचे मत आहे. १९६५ मध्ये जो न्यूट्रिनो शोधण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच आता प्रोटॉन क्षयाच्या शोधातली सर्वांत मोठी अडचण ठरला होता. जपानात हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. प्रोटॉन क्षयासाठी बांधलेल्या कामिओकांडेने फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघातल्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो पकडले. त्याच्या जागी आलेल्या सुपर-कामिओकांडेने १९९८ मध्ये वातावरणी न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे दाखवून त्यांना वस्तुमान आहे हे सिद्ध केले. प्रोटॉनचा क्षय अजून कोणालाही दिसलेला नाही आणि त्याच्या आयुष्याची किमान मर्यादा आता १० च्या ३४ व्या घाताइतक्या वर्षांपलीकडे गेली आहे.

कोलारमध्ये ऐंशीच्या दशकात आणखी एक, २६० टनांचे उपकरण काही वर्षे चालले. मोठ्या टाक्यांच्या काळात ते लहान पडत होते हे खरे, पण प्रयोगशाळा बंद पडली ती त्यामुळे नव्हे. खाणीतले सोने संपत आले होते, जे उरले होते ते काढण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त होता आणि खोल बोगदे एकामागून एक सोडून दिले जात होते. पंप थांबले की खाणीत पाणी चढते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना उपकरणे गुंडाळावी लागली. भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला. गावाभोवती सोने काढून उरलेल्या मातीचे सायनाइडमिश्रित ढिगारे राहिले. खाण फायद्यात नाही म्हणून ती थांबवणे समजण्यासारखे आहे. पण एवढी खोल जागा विज्ञानासाठी राखून ठेवण्याचा निर्णय त्या वेळी झाला नाही, हे नुकसान मोठे होते. याउलट अमेरिकेतल्या होमस्टेक या सोन्याच्या खाणीत खाणकाम थांबल्यानंतर तिचे रूपांतर भूमिगत प्रयोगशाळेत करण्यात आले.

कोलारच्या या अनुभवावरून पुढच्या योजनेत खाणीवरचे अवलंबन टाळण्यात आले. भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेसाठी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात बोडी वेस्ट हिल्स हा डोंगर निवडला गेला. तेथे शाफ्टऐवजी डोंगराच्या पोटात सुमारे दोन किलोमीटरचा आडवा बोगदा काढून, किलोमीटरहून अधिक जाडीच्या खडकाखाली ५०,००० टन चुंबकित लोखंडाचे उपकरण बसवायचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये त्याला मंजुरी दिली. स्थानिक विरोध आणि न्यायालयीन वादांमुळे बांधकाम अडले. दरम्यान २०१७ मध्ये झारखंडमधल्या जादूगुडा येथील चालू युरेनियम खाणीत, ५५५ मीटर खोलीवर, साहा इन्स्टिट्यूटची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली असून तेथे कृष्णद्रव्याचा शोध घेतला जातो. ती कोलारच्या हीथकोट शाफ्टमधल्या जागेच्या पाव खोलीवर आहे.